इंचभर लांबीच्या लहरी

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मांडवा, रेवस किंवा उरणजवळचे मोरा बंदर येथे धक्क्यावर उभे राहिले म्हणजे मुंबई बंदरात आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात जाणारी-येणारी मोठमोठी जहाजे दिसतात. त्यांच्या डोलकाठीवर एक आडवी पट्टी एकसारखी गरगर फिरत असते. ती कशासाठी असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती रडारची पट्टी होय. तिच्यातून विजेच्या अदृश्य लहरी बाहेर पडतात, समोरच्या जहाजावर, खडकावर किंवा मचव्यावर आपटून परत येतात, आणि दाट धुक्यात अथवा आषाढाच्या काळोख्या रात्रीही कप्तानाला वाटेतील अडथळा आधी कळतो. पुष्कळशा जहाजांवरील या लहरींची लांबी अवघी तीन सेंटीमीटर, म्हणजे इंचाहून थोडी अधिक असते. एका सेकंदात त्यांची सुमारे दहा अब्ज कंपने होतात. अशा आखूड लहरींना सूक्ष्मतरंग असे नाव आहे.

या सूक्ष्मतरंगांचा इतिहास वाचू लागले की, अगदी पहिल्या काही पानांतच एका भारतीयाचे नाव येते. रडार निघण्यापूर्वी सुमारे चाळीस वर्षे, कलकत्त्याच्या एका महाविद्यालयातील कोंदट खोलीत, या भारतीय प्राध्यापकाने पाच मिलिमीटर ते पंचवीस मिलिमीटर लांबीच्या लहरी स्वतःच्या हाताने बनविलेल्या यंत्रातून काढल्या, हव्या त्या दिशेने पाठविल्या आणि पकडून दाखविल्या. हे प्राध्यापक म्हणजे आचार्य जगदीशचंद्र बोस.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये, आज बांगलादेशात असलेल्या मयमनसिंह येथे झाला. त्यांचे वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी होते व फरीदपूर येथे त्यांच्याकडे न्यायदानाचेही काम असे. त्या काळी मोठ्या हुद्द्यावरील लोक आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत घालण्यात भूषण मानीत. भगवानचंद्रांनी मात्र आपल्या मुलाला गावच्या बंगाली पाठशाळेत घातले. मुलाने आधी आपली मायबोली शिकावी आणि आपल्या माणसांत मिसळावे, अशी त्यांची इच्छा होती. त्या पाठशाळेत जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला एका कोळ्याचा मुलगा. कोळ्याचा मुलगा नदीतल्या माशांच्या आणि पाण्यातल्या प्राण्यांच्या गोष्टी सांगे व जगदीश त्या तल्लीन होऊन ऐके. निसर्गाचे कुतूहल आपल्या मनात या सवंगड्यांनीच पेरले, असे ते पुढे सांगत असत. ही मुले जगदीशबरोबर घरी आली म्हणजे त्यांची आई सर्वांना सारख्याच मायेने खाऊ घाली. त्या काळच्या रूढी लक्षात घेतल्या म्हणजे ही गोष्ट वाटते तितकी साधी नव्हती, हे ध्यानात येईल.

लहानग्या जगदीशला खांद्यावर बसवून शाळेत नेणारा गडी तर त्याहूनही विलक्षण होता. तो पूर्वाश्रमीचा दरोडेखोर होता. भगवानचंद्रांनीच त्याला तुरुंगात धाडले होते. शिक्षा भोगून तो परत आला, तेव्हा त्याला कोणी काम देईना. भगवानचंद्रांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले आणि स्वतःचा मुलगा त्याच्या स्वाधीन केला. शाळेच्या वाटेवर तो मुलाला आपल्या जुन्या धाडसांच्या हकीकती सांगे. त्याने या कुटुंबाशी कधीही बेइमानी केली नाही.

पुढे जगदीश कलकत्त्याच्या सेंट झेवियर शाळेत व नंतर त्याच नावाच्या महाविद्यालयात गेले. तेथे फादर लाफाँ या नावाचे पदार्थविज्ञानाचे एक नामांकित शिक्षक होते. प्रयोग करून दाखविल्यावाचून ते काही शिकवीत नसत. जगदीशचंद्रांच्या हाताला प्रयोगाची गोडी लागली ती येथे. १८८० मध्ये ते वैद्यक शिकण्यासाठी लंडनला गेले, परंतु जुन्या तापाने त्यांना तेथे गाठले. शवविच्छेदनाच्या दालनातील वासाने तो ताप बळावे. अखेरीस वैद्यक सोडून ते केंब्रिजला गेले. तेथे लॉर्ड रॅले या थोर शास्त्रज्ञाचे शिक्षण त्यांना लाभले. हा तापच एका अर्थी शास्त्राच्या पथ्यावर पडला, असे म्हटले पाहिजे.

१८८५ मध्ये ते मायदेशी परतले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. परंतु रुजू होताच एक अपमान त्यांच्यापुढे उभा राहिला. त्या वेळी सरकारी शिक्षणखात्यात एकाच कामासाठी युरोपीय माणसाला पूर्ण वेतन मिळे आणि भारतीयाला त्याच्या दोनतृतीयांश. त्यातून जगदीशचंद्रांची नेमणूक हंगामी असल्याने त्यांना त्याचेही निम्मे, म्हणजे युरोपीय प्राध्यापकाच्या एकतृतीयांश वेतन देऊ करण्यात आले.

जगदीशचंद्रांनी भांडण केले नाही आणि राजीनामाही दिला नाही. त्यांनी वेतनच घेण्याचे नाकारले. एक वर्ष गेले, दुसरे गेले, तिसरेही गेले. ते वेळेवर वर्गात जात, मनापासून शिकवीत, प्रयोग करून दाखवीत आणि महिनाअखेर रिकाम्या हाताने घरी परतत. घरची स्थिती बेताची होती. वडिलांनी लोकांच्या कल्याणासाठी काढलेले उद्योग बुडाले होते व त्यांच्या डोक्यावर कर्जाचा मोठा बोजा होता. याच काळात, १८८७ मध्ये, त्यांचा विवाह अबलादेवी यांच्याशी झाला. कलकत्त्यातील घरभाडे परवडेना म्हणून हे दांपत्य हुगळी नदीच्या काठी चंद्रनगरला राहिले. नदी पार करण्यासाठी नावाड्याला पैसे देणेही जड जाई, म्हणून त्यांनी एक लहानशी होडी घेतली व पतिपत्नी ती स्वतः वल्हवीत. तीन वर्षांनंतर अधिकाऱ्यांना त्यांची योग्यता व त्यांचा निश्चय दोन्ही पटले. त्यांची नेमणूक कायम झाली आणि मागील तीन वर्षांचे पूर्ण वेतन त्यांना एकरकमी मिळाले. ती रक्कम त्यांनी वडिलांचे कर्ज फेडण्यात खर्च केली.

अन्यायाविरुद्ध लढण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. तीन वर्षे आपले काम चोख बजावून लढण्याचा हा मार्ग मात्र सर्वांत महाग होय, आणि त्याचा भार अबलादेवींनीही तितकाच उचलला, हे विसरता कामा नये.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळू. जर्मनीतील हाइनरिख हर्ट्झ या शास्त्रज्ञाने १८८७-८८ मध्ये असे दाखवून दिले होते की, विजेची ठिणगी उडाली म्हणजे तिच्यापासून अदृश्य लहरी निघतात आणि त्या प्रकाशाच्याच वेगाने, सेकंदाला सुमारे तीस कोटी मीटर या गतीने, धावतात. प्रकाश हीदेखील विजेचीच लहर आहे, असे मॅक्सवेल या गणितज्ञाने त्यापूर्वी कागदावर मांडले होते, त्याला हा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. परंतु १८९४ च्या पहिल्याच दिवशी हर्ट्झ अवघ्या छत्तिसाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्या कामावरील एक व्याख्यान जगदीशचंद्रांच्या वाचनात आले आणि त्यांना जणू आपली वाट सापडली. ३० नोव्हेंबर १८९४ रोजी, आपल्या वाढदिवशी, त्यांनी उरलेले आयुष्य नव्या ज्ञानाच्या शोधात घालविण्याचा संकल्प केला.

हर्ट्झच्या लहरी पुष्कळ लांब होत्या. काही तर कित्येक मीटरांच्या होत्या. लांब लहरींनी काय अडते, हे समजण्यासाठी समुद्राकडेच पाहू. अलिबाग किंवा मुरूडच्या किनाऱ्याजवळ नांगरून ठेवलेली एखादी होडी तुम्ही पाहिली असेल. खोल समुद्रातून येणारी मोठी लाट त्या होडीला उचलते व तशीच पुढे निघून जाते. होडी जणू तिच्या वाटेत नव्हतीच. परंतु वाऱ्याने उठणारे बारीक तरंग त्याच होडीवर आपटून मागे फिरतात आणि होडीच्या आडोशाला पाणी काहीसे शांत राहते. तात्पर्य, लहर जितकी लांब, तितकी तिला अडविण्यासाठी वस्तू मोठी हवी. विजेच्या लहरी प्रकाशाप्रमाणेच आरशावरून परत फिरतात का, लोलकातून जाताना वाकतात का, हे तपासायचे तर लांब लहरींसाठी आरसे व लोलक राक्षसी आकाराचे करावे लागत. हर्ट्झने केलेला डांबराचा एक लोलक सुमारे सहाशे किलो वजनाचा होता. मग हे प्रयोग कोणी आणि कोठे करावेत?

जगदीशचंद्रांनी याचा उलटा विचार केला. आरसे मोठे करण्यापेक्षा लहरीच लहान केल्या तर? इटलीत रिघी व रशियात लेबेदेव हे शास्त्रज्ञही त्या सुमारास याच वाटेने निघाले होते. परंतु त्यांच्यामागे युरोपातील सुसज्ज प्रयोगशाळा होत्या. प्रेसिडेन्सी कॉलेजात संशोधनासाठी प्रयोगशाळाच नव्हती. स्नानगृहाला लागून असलेल्या एका लहानशा खोलीत जगदीशचंद्रांनी आपले सामान मांडले. पत्र्याचे काम करणारा एक कारागीर त्यांनी हाताशी धरला, त्याला स्वतः शिकविले आणि त्याच्याकडून एकेक भाग करून घेतला. खर्च पदरचा. दिवसभराचे शिकविणे आटोपले की मग त्यांचे हे दुसरे काम सुरू होई.

लहर लहान करायची तर ज्या धातूच्या गोळ्यांमध्ये ठिणगी उडते, ते गोळे लहान केले पाहिजेत. घंटा मोठी असेल तर नाद ठाय निघतो आणि लहान असेल तर उंच निघतो, तसेच हे आहे. जगदीशचंद्रांनी हे गोळे अगदी बोरावाटाण्याएवढे केले. गोळा बदलला की लहरीची लांबी बदले आणि लांबी बदलली की कंपनसंख्या बदले. पाच मिलिमीटरच्या लहरीची कंपने सेकंदाला साठ अब्ज होतात. एवढ्या कंपनसंख्येच्या लहरी त्या काळी जगात फारच थोड्या लोकांनी उत्पन्न केल्या होत्या.

पण नुसत्या लहरी निघून भागत नव्हते. त्या स्वच्छ व भरवशाच्या असावयास हव्या होत्या. ठिणग्यांमुळे गोळ्यांचा पृष्ठभाग खडबडीत होई व लहरी अनियमित निघू लागत. म्हणून त्यांनी झीज न होणारा प्लॅटिनम धातू योजिला. इतर लोक ठिणग्यांची सारखी माळ उडवीत, त्यामुळे यंत्र लवकर बिघडे आणि लहरींची खिचडी होई. जगदीशचंद्रांनी एक कळ बसविली. ती एकदा दाबून सोडली की एकच ठिणगी उडे आणि लहरींचा एकच लोंढा क्षणात निघून क्षणात थांबे. पुढची अडचण अशी की, ठिणगी उडविणाऱ्या वेटोळ्यातूनही विजेचा व चुंबकाचा उपद्रव बाहेर फाके आणि समोरचे नाजूक यंत्र फसे. यासाठी त्यांनी सारे वेटोळे एका दुहेरी धातूच्या पेटीत कोंडले. पेटीचे आतले अस्तर लोखंडाचे होते व बाहेरचे तांब्याचे. लहरींना बाहेर पडण्यास एका नळीचेच तोंड मोकळे ठेवले. पलीकडच्या बाजूला लहरी गोळा करण्यासाठी त्यांनी पत्र्याचे एक चौकोनी नरसाळे बसविले. आपल्या घरात तेल ओतण्यास वापरतात तशाच घडणीची ही वस्तू. सूक्ष्मतरंगांच्या यंत्रांत असे नरसाळे अद्यापि वापरले जाते, इतकी ती कल्पना अचूक होती.

लहर पकडणे हे काढण्याहूनही कठीण काम होते. युरोपात त्यासाठी धातूचा कीस भरलेली काचेची नळी वापरीत. लहर आली की किसाचे कण एकमेकांना बिलगत व वीज वाहू लागे. मग टिचकी मारून ते पुन्हा मोकळे करावे लागत. बंगालच्या उष्ण व दमट हवेत या किसाचा काही भरवसा नसे. आपल्या कोकणात पावसाळ्यात लोखंडाची काय दशा होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही अडचण चटकन समजेल. जगदीशचंद्रांनी कीस टाकून दिला. पोलादाच्या बारीक तारांची लहान लहान वेटोळी करून ती एका खाचेत रांगेने एकमेकांना टेकवून बसविली. एका स्क्रूने त्यांवरील दाब कमीअधिक करता येई व वीजही हवी तेवढी सोडता येई. पुढे गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकावर धातूचे टोक टेकवूनही लहर पकडता येते, असा शोध त्यांनी लावला. आज ज्यांना अर्धवाहक म्हणतात, त्या पदार्थांचा विजेच्या लहरी पकडण्यासाठी केलेला हा आरंभीचा उपयोग होय.

एवढे साधन सिद्ध झाल्यावर त्यांनी प्रकाशाचा एकेक गुण या लहरींत तपासला. त्या आरशावरून परावर्तित होतात, गंधकाच्या व काचेच्या लोलकातून जाताना वाकतात, असे त्यांनी मोजून दाखविले. लहर एकाच पातळीत हेलकावे घेते की सर्व पातळ्यांत, हे ओळखण्यासाठी त्यांनी वापरलेले साधन ऐकून मात्र हसू येते. ते होते आगगाड्यांच्या वेळापत्रकाचे एक जाडजूड पुस्तक! त्याच्या पानांच्या मध्ये त्यांनी कथलाचे पातळ पत्रे घातले. पुस्तक एका रीतीने धरले की लहर आरपार जाई. तेच फिरवून आडवे धरले की अडे. तागाचे पिळलेले जुडगे वाटेत ठेवले, तर लहरीची पातळी पिळाच्या दिशेप्रमाणे डावीकडे वा उजवीकडे वळे. रेल्वेचे वेळापत्रक आणि ताग! संपन्न प्रयोगशाळेतील माणसाला ही साधने सुचली असती की नाही, याची शंकाच आहे.

मे १८९५ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे त्यांनी आपला पहिला निबंध वाचला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी लोकांना एक चमत्कारिक प्रयोग दाखविला. एका खोलीत त्यांनी कळ दाबली. तेथून निघालेल्या लहरी भिंती भेदून सुमारे पंचाहत्तर फुटांवरील खोलीत पोहोचल्या आणि तेथील घंटा वाजली, पिस्तूल उडाले व बंदुकीची दारू पेटली. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सभेत उपस्थित होते. ते वाटेत उभे राहिले असता लहरी त्यांच्या धिप्पाड देहातूनही पार झाल्या, असे सांगतात. दोन्ही खोल्यांना जोडणारी तार कोठेच नव्हती.

रॅले यांनी आपल्या या शिष्याचे निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. त्याच वर्षी जगदीशचंद्र आपली यंत्रे घेऊन विलायतेला गेले. हर्ट्झचा लोलक हलविण्यास गडीमाणसे लागली असती. जगदीशचंद्रांचे सारे साहित्य प्रवासात सहज नेता येईल अशा लहानशा पेटीत मावत होते. लिव्हरपूल येथील विद्वत्सभेत त्यांचे प्रयोग पाहून वृद्ध लॉर्ड केल्व्हिन इतके प्रसन्न झाले की, लंगडत लंगडत सज्जात गेले आणि तेथे बसलेल्या अबलादेवींचे त्यांनी अभिनंदन केले. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, जेथे फॅरडे यांनी आपले प्रयोग केले होते त्याच संस्थेत, जगदीशचंद्रांचे व्याख्यान झाले.

येथे मार्कोनी यांची हकीकत सांगणे अवश्य आहे. याच सुमारास गुल्येल्मो मार्कोनी हे इटालियन तरुण बिनतारी संदेश दूरवर पाठविण्याच्या खटपटीत होते. १२ डिसेंबर १९०१ रोजी त्यांनी इंग्लंडमधून निघालेला संदेश अटलांटिक महासागरापलीकडे न्यूफाउंडलंड येथे ऐकला. त्यासाठी वापरलेल्या ग्राहकयंत्रात पाऱ्याचा एक थेंब होता. ते त्यांना इटलीच्या नौदलातील एका अधिकाऱ्याकडून मिळाले होते. लोखंड व पारा यांचे तशाच प्रकारचे यंत्र जगदीशचंद्रांनी १८९९ मध्येच रॉयल सोसायटीपुढे वर्णन करून सांगितले होते. एका अभ्यासकाने जुने कागद पडताळून १९९८ मध्ये हे सविस्तर मांडले.

यावरून काही लोक मार्कोनींनी जगदीशचंद्रांचे सर्वस्व पळविले, असे म्हणतात. ते न्यायाचे नाही. जगदीशचंद्रांनी महासागर ओलांडण्याचा प्रयत्नच केला नव्हता, आणि त्यांच्या मिलिमीटरांत मोजावयाच्या लहरी तेवढ्या दूर जाणेही शक्य नव्हते. साठ अब्ज कंपनांच्या आसपासच्या लहरी तर हवेतला प्राणवायूच शोषून घेतो, हे आज माहीत आहे. दूरच्या संदेशासाठी लांब लहरीच हव्या होत्या आणि त्यांचा व्यापारी उपयोग करण्याची जिद्द मार्कोनींजवळ होती. तथापि जगाने मार्कोनींना जेवढे स्मरणात ठेवले, त्याच्या एक दशांशही जगदीशचंद्रांना कित्येक वर्षे ठेवले नाही, ही तक्रार मात्र खरी आहे.

त्याला जगदीशचंद्रांचा स्वभावही काही अंशी कारण झाला. आपला शोध विकून पैसा करावा, हे त्यांना मुळीच रुचत नसे. १९०१ मध्ये लंडनला असताना एका मोठ्या तारयंत्र कंपनीचा मालक एकाधिकाराचा, म्हणजे पेटंटचा, अर्ज हाती घेऊन त्यांच्याकडे आला व नफ्यातील वाटा देऊ लागला. त्यांनी त्याला परत पाठविले. ज्ञान हे सर्वांचे आहे, अशी त्यांची श्रद्धा होती आणि आपली यंत्रे कशी करावीत हे ते निबंधांत उघड लिहीत. भगिनी निवेदिता आणि सारा बुल या त्यांच्या हितचिंतक स्त्रियांनी पुष्कळ आग्रह केल्यावर गॅलिनाच्या यंत्रासाठी अमेरिकेत अर्ज करण्यात आला. २९ मार्च १९०४ रोजी ते पेटंट मिळालेही, परंतु त्यापासून त्यांनी कधी धन मिळविले नाही. हा त्याग थोर खरा. पण ज्या देशात प्रयोगशाळेला पैसा नव्हता, त्या देशाला तो पैसा उपयोगी पडला असता, असा विचारही मनात येतो. त्यांच्या मित्रमैत्रिणींनी हाच विचार केला असावा.

लहरींच्या अभ्यासातूनच त्यांना एक नवी वाट फुटली. लहरी पकडणारे यंत्र सारखे वापरले की ते जणू थकते आणि विश्रांती मिळाली की पुन्हा ताजे होते, असे त्यांच्या ध्यानात आले. निर्जीव धातूला थकवा येतो, तर सजीव वनस्पतींचे काय? या प्रश्नाने ते वनस्पतींकडे वळले. रोपाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखविणारे क्रेस्कोग्राफ नावाचे यंत्र त्यांनी बनविले. लाजाळूसारख्या वनस्पतींच्या अंगी आघाताची जाणीव विजेच्या रूपाने कशी वाहते, हे त्यांनी मोजले. या कामाची कीर्ती एवढी झाली की, पुष्कळांना ते केवळ वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणूनच ठाऊक आहेत. त्यांच्या त्या मतांपैकी काहींवर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांनी कलकत्त्यात आपली संशोधनसंस्था स्थापन केली. जी प्रयोगशाळा तरुणपणी स्वतःला मिळाली नाही, ती त्यांनी पुढच्यांसाठी उभी केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर आठवड्याने त्यांना एकोणऐंशी वर्षे पूर्ण झाली असती.

त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी दुसरे महायुद्ध पेटले आणि शत्रूची विमाने हुडकण्यासाठी आखूड लहरींची एकदम गरज भासली. रडारच्या निमित्ताने सूक्ष्मतरंगांचे शास्त्र झपाट्याने वाढले. आज भ्रमणध्वनी, उपग्रहांवरून येणारे दूरदर्शनचे कार्यक्रम, पावसाळी ढगांचा वेध घेणारी रडारे, ही सर्व या लहरींवर चालतात. जगदीशचंद्रांना कंपनसंख्या बदलावयाची झाली की यंत्र उघडून गोळे बदलावे लागत. आजच्या यंत्रांत हे काम कंपनसंख्या-संश्लेषक नावाचे एक उपकरण करते. गारगोटीच्या स्फटिकाची एक पातळ चकती विजेच्या योगाने अत्यंत नियमितपणे कंप पावत असते. तिच्या त्या एका कंपनसंख्येपासून गुणाकार, भागाकार व मिळवणी करून हे उपकरण हजारो निरनिराळ्या कंपनसंख्या घडविते, आणि काही यंत्रांत तर एकीवरून दुसरीवर सेकंदाच्या दशलक्षांश भागात उडी घेते. शत्रूला आपल्या रडारची कंपनसंख्या कळू नये म्हणून ती सारखी बदलती ठेवणे यामुळेच शक्य होते. अशी उपकरणे घडविणाऱ्या अभियंत्यांपुढे आजही तेच प्रश्न असतात, जे त्या कोंदट खोलीत होते. हवी तीच लहर निघावी, ती स्वच्छ असावी, क्षणात सुरू व्हावी, क्षणात थांबावी आणि शेजारच्या भागांचा उपद्रव तिला होऊ नये. त्यासाठी नाजूक भाग धातूच्या पेटीत बंद करण्याची रीतही चालूच आहे.

२०१२ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने जगदीशचंद्रांच्या १८९४ ते १८९६ या काळातील प्रयोगांना अभियांत्रिकीच्या इतिहासातील मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली. त्यांची मूळ यंत्रे कोलकात्यातील त्यांच्या संस्थेच्या संग्रहालयात जतन केलेली आहेत. पत्र्याचे ते नरसाळे व पोलादी वेटोळ्यांची ती रांग तेथे आजही पाहावयास मिळते.